झग्यात बोलायचं नाही

फोन ठेवता ठेवता मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, "दुपारच्या आत पिल्लं हलवा. आणि तुम्ही दोघं सोडून कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका."

मॅडम म्हणजे तीन देशांनी मिळून चालवलेल्या क्रौंच पक्ष्यांच्या प्रकल्पाच्या प्रमुख. बसायच्या परदेशात, पण आवाज असा की फोनवरसुद्धा माणूस सावरून उभा राहायचा. शेजारच्या देशातल्या केंद्रावर परवाच तस्करांची टोळी येऊन गेली होती. ना कुलूप तुटलं, ना जाळी फाटली, पिल्लं मात्र गायब. आतलंच कुणीतरी फितूर झालंय, असं मॅडमचं म्हणणं.

इथे चार पिल्लं होती. त्यांची अंडी उबेच्या पेटीत घालून विमानाने आणलेली. या पाणथळीवरून क्रौंच नाहीसे होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. ही चार जगली, उडाली, तर परत दिसणार. नाहीतर मग चित्रातच बघायचे.

"अहो, गाडी तुम्हीच घेऊन या," ती नवऱ्याला म्हणाली. नवराबायको दोघंही याच केंद्रावर पिल्लं सांभाळायचे. "भाड्याचा ड्रायव्हर नको आज."

"आणतो. मागच्या फाटकाला लावतो. झगा चढवूनच आत येईन. पिल्लं भरली की मी निघेन, तू इथेच रोजच्यासारखी वावर. वॉचमनला शंका यायला नको." तो दारात घुटमळला. "एकटी राहशील ना? कारण हे बघ..."

"चार पोरं आहेत की सोबतीला. निघा आता. तुमचं बोलणं सुरू झालं की संध्याकाळ होते."

तो गेला.

ती झगा घ्यायला मागच्या अंगणात गेली. दोरीवर काल धुतलेल्यांपैकी एक झगा कमी होता. ह्यांनी ओलाच उचललेला दिसतोय, ती पुटपुटली. सर्दी होईल तेव्हा काढा मलाच करायला लागणार.

झग्याशिवाय पिल्लांसमोर जायचं नाही, हा इथला पहिला नियम. पिल्लांना माणूस दिसता कामा नये. माणसाची सवय झालेला पक्षी उद्या बंदुकीसमोरही बिनधास्त जाऊन उभा राहतो. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, चेहऱ्यावर जाळी, आणि उजव्या हातात मोज्यासारखी चढवलेली क्रौंचाची कापडी मान, पुढे लाकडी चोच. त्या चोचीने भरवायचं, त्याच चोचीने वाट दाखवायची.

दुसरा नियम, झग्यात बोलायचं नाही. खोकला आला तरी गिळायचा. नवऱ्याला ही सक्तमजुरीच वाटायची. पठ्ठ्या झोपेतसुद्धा बडबडायचा. आत शिरला की दोन मिनिटांत गुणगुणायला लागायचा, मग ती त्याच्या बरगडीत चोच खुपसायची.

मागच्या फाटकाची कडी काढून ती कुंपणात शिरली. फोन नियमाप्रमाणे कपाटात राहिला.

पिल्लं धावत आली. सगळ्यात धाकटीने झग्याचं टोक धरून ओढायला सुरुवात केली. पिल्लांना नावं ठेवायची नसतात, पण मनातल्या मनात ती हिला हट्टी म्हणायची. माझ्या जिवात जीव आहे तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. तिने चोचीनेच झग्याचं टोक सोडवून घेतलं.

पुढच्या फाटकाशी मोटरसायकल थांबली. मासेवाल्याचा आवाज. रोज डबा टेकवून जाणारा माणूस आज वॉचमनशी गप्पा मारत बसला होता. काय विचारतोय एवढं? एवढ्यात मागे गाडी थांबल्याचा आवाज आला आणि कडी वाजली. पांढरा झगा आत आला. पाठोपाठ भोकं पाडलेल्या पेट्या.

आले एकदाचे. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

दोघं कामाला लागले. ती चोचीने पिल्लू पुढे आणायची, तो पेटी धरायचा, झाकण लावायचा, गाडीत नेऊन ठेवायचा. ना धांदल, ना धडपड. गुणगुणणं नाही, साधा घसा खाकरणं नाही. भीतीने का होईना, पण माणूस सुधारला म्हणायचा. हट्टी पेटीत जायला तयार होईना, तेव्हा त्याने शांतपणे चोच जमिनीवर टेकवून वाट पाहिली. ती आपणहून आत गेली.

शेवटची पेटी उचलण्याआधी तिला राहवेना. तिने आपल्या लाकडी चोचीने त्याच्या खांद्यावर हलकेच टकटक केलं. सांभाळून जा, असं म्हणायचं होतं तिला. तो क्षणभर थबकला. मग त्यानेही चोच वर करून तिच्या खांद्यावर तशीच टकटक केली.

गाडी निघून गेली. थोड्या वेळाने पुढची मोटरसायकलही गेली. मासेवाला बिचारा रोजच्यासारखा डबा ठेवून गेला होता. उगीच बिचाऱ्यावर संशय घेतला, असं तिला वाटलं. तिने फाटकाला कडी घातली, कपड्यांच्या खोलीत येऊन जाळी काढली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. छातीवरचा धोंडा उतरला होता.

कपाटात फोन वाजला. नवऱ्याचाच होता.

"बोला," ती म्हणाली. "खरं सांगू? आज फार अभिमान वाटला तुमचा. एक अक्षर काढलं नाहीत तोंडातून."

पलीकडे हॉर्नचा नुसता गोंगाट चालला होता.

"काय म्हणालीस? ऐकू येत नाहीये गं. मी अजून पुलाच्या अलीकडेच अडकलोय, कुणीतरी ट्रक आडवा लावून पळून गेलंय. तासभर तरी मोडेल इथे. तोवर पिल्लांना जागचं हलवू नकोस."