दोन परस पाणी

“आता उडी नाही. उद्या सकाळी दहाला या,” गळ्यातील शिट्टी सावरीत हेमावतीने सांगितले, आणि व्यंकटच्या अंगाचा तिळपापड झाला.

हेमावती ही त्या खडकाळ समुद्रकिनाऱ्यावरची मार्गदर्शक. ती कन्नडमधून बोलत असे. परंतु व्यंकट हा बिदरकडच्या खटकचिंचोळीचा असल्याने ती भाषा त्याला मायबोलीइतकीच कळे. कळत नव्हते ते एवढेच, की दिवसभर कयाक नावाच्या निमुळत्या होड्यांतून सर्वांना कड्याकडेने हिंडविणारी ही बाई नेमकी त्याच्याच लेकीच्या वेळी नियमावर का बोट ठेवते.

“अक्का, सकाळी सहा जणांस्नी उडी मारू दिली. माझ्या पोरीलाच कामून न्हाई?”

“तिचीही पाळी आली होती, अण्णा. तिचा पायच उचलला नाही.”

“तवा घाबरली व्हती. आता न्हाई घाबरत.”

“मी सकाळी सूचना दिल्या, तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“मापत व्हतो,” व्यंकट म्हणाला.

ते खरे होते. तीस वर्षांत त्याने गावातील अडीचशे मुलांना पाठीवर पांगाऱ्याचे तरंगते लाकूड बांधून विहिरीत पोहायला शिकविले होते, आणि त्यांपैकी एकालाही साधे खरचटले नव्हते. परक्या विहिरीत मूल उतरविण्यापूर्वी दोरीला दगड बांधून तळ शोधायचा, दोरी पाण्याला जिथे टेकेल तिथे गाठ मारायची, आणि दगडापासून गाठीपर्यंतची दोरी परसाने, म्हणजे माणसाच्या उंचीने, मोजायची, हा त्याचा शिरस्ता. आज सकाळी मंडळी हेमावतीभोवती गोळा झाली असता तो उडीच्या खडकाखालील कपारीवर बसून हेच करीत होता. पाणी दोन परस भरले. वरून उडी घेण्यास तेवढे पुष्कळ होते.

“मग आता सगळं पुन्हा सांगू का?” हेमावती थकून म्हणाली. “आधी होड्या वर घेऊ द्या.”

होड्यांचाच तर त्याला राग होता. सकाळी त्या किनाऱ्याच्या दगडी पायरीवरून थेट पाण्यात ढकलल्या होत्या. परतताना मात्र हिने त्या भलतीकडेच, दूर खाली वाळूवर लावल्या, आणि पायरीपर्यंत चांगली चाळीस पावले ओल्या वाळूतून ओढीत आणावयास लावल्या. काळ्या खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी त्याच्या टाचा कापल्या, ते निराळेच. वेळ काढायलीय ही बाई, असे त्याच्या मनाने घेतले.

अंजू पायरीवर ओली वेणी पिळीत बसली होती. वय एकोणीस. गावाकडील तलावावर नौकाविहार सुरू होणार होता, आणि तेथे मार्गदर्शकाची एक जागा निघाली होती. अर्जाला जोडावयाच्या प्रमाणपत्रावर दोन चौकटी होत्या: एक वल्हविण्याची, एक उडीची. पहिलीत हेमावतीची सही झाली होती. दुसरी कोरी होती. बिदरला अर्ज देण्याची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपत होती, आणि तिकडची रात्रभराची बस तासाभरात सुटणार होती. त्या नोकरीवाचून अंजूचे पुढील शिक्षण थांबणार, हे बापलेक दोघेही जाणून होते.

“काय म्हणली?” अंजूने विचारले.

“उद्या ये म्हणायलीय. उद्या काय, तिच्या घरी जेवायला जायचं हाय का?”

“मग तुम्हीच मारा की अप्पा उडी, माझ्या नावानं. वेणी तेवढी घाला.”

व्यंकट हसला नाही. तो तिच्याजवळ बसला आणि हलक्या आवाजात बोलू लागला.

“हे बघ. एकदा उडी झाली की तिला सही करावीच लागतीया. सगळ्यांनी बघितल्यावर न्हाई कशी म्हणंल? तू मागून वर जा.”

“रागावतील त्या.”

“रागावू दे. रागावून सही कर म्हणावं.”

अंजूने कड्याकडे पाहिले. “पाणी किती हाय?”

“दोन परस. तरी तुझ्या मनाला धीर म्हणून परत दोरी टाकतो. दगड तळाला टेकला की हात वर करतो. खाली बघायचं न्हाई. इहिरीवर काय शिकवलं तुला?”

“तुमच्या हाताकडं बघायचं.”

“आन् हात वर झाला की?”

“थांबायचं न्हाई.”

सहाव्या वर्षी ती पहिल्यांदा अशीच विहिरीच्या काठावर उभी राहिली होती. त्या दिवशीही तिने खाली पाहिले नव्हते.

हेमावती होड्या धुण्यात गुंतली होती. व्यंकट दोरी घेऊन कपारीवर उतरला. वर खडकाच्या माथ्यावर अंजू आली, चार पावले मागे सरली, आणि तिने बापावर डोळे रोखले. सकाळची भीती आता तिच्या चेहऱ्यावर नावालाही नव्हती.

त्याने दगड सोडला. खाली फेस उसळत होता. दोरी बोटांतून सरसरत गेली.

तोच मागून शिट्टी वाजली. हेमावती वाळूतून धावत येत होती आणि दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होती; परंतु लाटांच्या आवाजात शब्द उमटत नव्हते. आता बरं पळता येतंय हिला, व्यंकट मनात म्हणाला.

बोटांतील दोरी ढिली पडली. दगड टेकला होता.

व्यंकटने हात वर केला.

माथ्यावर अंजूची पावले धडधडत कडेकडे आली. लेकीची उडी डोळे भरून पाहावी म्हणून त्याने नजर पाण्याकडे वळविली, आणि ती वाटेतच दोरीवर अडली. सकाळी पाण्याच्या रेषेवर मारलेली गाठ पाण्यापासून पुरी एक परस वर, वाऱ्यावर कोरडी झुलत होती.