डाग

मुखेडच्या गच्चीवर नागसेनच्या दूरदेशीच्या माणसांशी बोलायच्या हॅम रेडिओला ब्राझीलचा माणूस लागला आणि तो गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "यंदा सूर्यावर डाग लई हायेत! रेडिओच्या लाटा आभाळाला आपटून थेट तिकडं चालल्यात!"

"मग इथलं कंधार का लागत न्हाई?" दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता त्याच्या बायकोनं, लुंबिनीनं विचारलं. लग्नापासून ती हा सूर्य सोसत होती.

"अशा वक्ताला जवळचं ऐकूच येत नसतं. तुझ्या डोक्यात न्हाई शिरायचं."

खालच्या खोलीतून, अंथरुणाला खिळलेल्या सासूनं पुन्हा लेकाला हाक मारली, "नाग्या, पानी दे रं."

नागसेन ब्राझीलवाल्याला तिकडचं ऊनपाऊस विचारत होता.

लुंबिनी जिना उतरता उतरता थांबली.

 

"सूर्याचं कायला सांगता? डाग तर या घराला लागलाय."