बारा पावलं

मोजणीदाराने बांधावर यंत्राचं तिकाटणं रोवलं, तेव्हा थोरला नकाशा उघडून आधीच उभा होता.

साठी उलटल्यावर तो अक्षरं शिकला होता, ती याच दिवसासाठी. मोजणीचा अर्ज करायचा तर घरात लिहिता येणारा एकच, धाकटा भाऊ. आणि हद्दीचा चोर तोच. चोराकडून फिर्याद कशी लिहून घ्यायची? परक्याचे पाय धरणं थोरल्याच्या रक्तात नव्हतं. त्यात बावीस वर्षं गेली.

आता थोरल्याला आपली जमीन एका रोपवाटिकावाल्याला विकायची होती. त्याला ती विहिरीसकट हवी होती, आणि हद्द मोजून दिल्याशिवाय तो सही करणार नव्हता. थोरल्याने त्याला सांगून ठेवलं होतं, क्षेत्र वाढेल, कमी होणार नाही.

विहीर वाटणीनंतरची. बांधालगत, थोरल्याने एकट्याने दोन उन्हाळे खपून खणलेली. तिला पाणी लागलं त्याच आठवड्यात, एका पहाटे, धाकटा हद्दीच्या दगडाभोवती पहारीने माती ठोकताना त्याला दिसला होता. दगड त्याआधी कित्येक वर्षं झुडपात बुजलेला, रान नुकतंच नांगरलेलं, जुना खड्डा सापडेना. थोरल्याने जाब विचारला. धाकटा एवढंच म्हणाला होता, "दादा, मोजणी आणू नकोस. आहे ते बरं आहे."

चोराच्या मनात चांदणं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

धाकट्याने त्या विहिरीतून कधी घागरभर पाणी नेलं नाही. लांबच्या ओढ्यावर जायचा. थोरला म्हणायचा, लाज अजून शिल्लक आहे म्हणायची. गेल्या वर्षी धाकटा गेला, तेव्हा थोरला या दगडापर्यंत आला आणि इथूनच परत फिरला. पुढे पाय टाकायचा राहिला तो राहिलाच. कधी कधी जेवताना मध्येच त्याचा हात थांबायचा.

शेजारची खातेदार म्हणून भावजयीला नोटीस गेली होती. ती पदर सावरत जवळ आली.

"भावोजी, मोजणी थांबवा. दगड आहे तिथवर सगळं तुमचं. हवं तर मी लिहून देते."

"आता लिहून देतेस?" थोरला म्हणाला. "तेव्हा नवऱ्याला सांगायचं होतंस."



मोजणीदार यंत्रात डोळा घालून बराच वेळ वाकला होता. थोरल्याने विचारलं, यंत्र कुणाची बाजू तर घेत नाही ना?

"यंत्राला भाऊबंद नसतात, बाबा," तो हसून म्हणाला. मग दगडाला बूट टेकवून उभा राहिला. "पण हा मूळ जागेवर नाही. बारा पावलं सरकवलाय."

थोरल्याने डोळे मिटले. बावीस वर्षं छातीवर होतं ते उतरलं. भावजयीकडे वळून तो म्हणाला, "ऐकलंस?"

ती खाली बघत होती. "मला ठाऊक आहे, भावोजी. पहिल्यापासून."

मोजणीदाराने मूळ हद्दीवर रोवायची लाल झेंडी उचलली. धाकट्याच्या रानाकडे जायला वाट द्यावी म्हणून थोरला बाजूला झाला. मोजणीदाराने त्या रानाकडे पाठ केली, पावलं मोजत थोरल्याच्या पिकात शिरला, विहिरीला वळसा घालून पलीकडे गेला आणि बाराव्या पावलावर झेंडी रोवली.