कुणी काही बोललं का?

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या लायब्ररीत कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांचं टेबल मांडलं होतं. मोठ्यांची एकीकडे, मुलांची एकीकडे. तिथल्या बाईंनी त्यातलं एक उचलून ऊर्मिलाच्या लेकीच्या, ऋचाच्या हातात दिलं. मुखपृष्ठावर तिच्याच वयाची काळी मुलगी. ऊर्मिला चटकन पुढे झाली.

"आम्ही इंडियन आहोत," ती घाईघाईनं म्हणाली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई हसल्या. "गोष्ट छान आहे."

त्या दिवसापासून ऋचा ते पुस्तक सोडेना. जेवताना तेच, बसमध्ये तेच, झोपताना उशाशी तेच. ऊर्मिलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. हिला वर्गात नक्की कुणीतरी चिडवलं असणार. ती रोज विचारायची, "शाळेत रंगावरून कुणी काही बोललं का गं?"

"नाइन, नाही गं आई."

शनिवारी ऋचा पुस्तक घेऊनच बाथरूममध्ये स्टुलावर बसली. ऊर्मिलानं वाटीत डाळीचं पीठ आणि साय कालवली. वेबकॅमवर सासूबाई "पोर सावळी होत चाललीय गं" म्हणाल्यापासून दर शनिवारी हेच चालायचं.

"खरं सांग, बाळा," तिचा दंड चोळता चोळता ऊर्मिला म्हणाली. "कुणी बोललं असेल तर मी सोमवारी टीचरना भेटते."

"शाळेत कुणीच नाही बोलत."

मग ऋचानं पुस्तकातलं आंघोळीचं चित्र उघडून आईपुढे धरलं.

"आई, हिची आई हिला नुसता साबण लावते."