पन्नास पौंड हवा

"न घसरणारा टायर दाखव," पोस्टमनकाका म्हणाले आणि ढकलत आणलेली माउंटन बाइक त्यांनी दुकानाच्या खांबाला टेकवली. तिचे दोन्ही टायर चपटे पडले होते. दारात एक कुत्रं झोपलं होतं. त्याच्यावर त्यांनी पाय उगारला. "हाड! या जातीनंच माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

कुत्रं दोन पावलं सरकून पुन्हा पसरलं. दुकानवालीने मान खाली घातली. चार महिन्यांपूर्वी डोंगरातल्या पायवाटेवर काकांची लेक, सगळ्यांची भिंगरी, सायकलवरून आपटली, तेव्हा दुकानवाली तिच्या मागेच होती. भिंगरीचं कमरेखालचं सगळं गेलं. उतारावर कुत्रं आडवं आलं, असं भिंगरीनेच हॉस्पिटलात बापाला सांगितलं होतं.

"काका, एवढी घाई कशाला? आधी ती जरा..."

"काल मोठे डॉक्टर म्हणाले, आता उठणार नाही." शेजाऱ्याची तक्रार करावी तसे काका बोलले. "डॉक्टरला काय कळतंय! सायकल पलंगासमोर उभी असते. दिवसभर चपटे टायर बघत पडून राहते गं पोरगी. मला नाही बघवत. तू टायर काढ."

तिने फळीवरचे टायर काढले. "पुढे हा घ्या. रबर मऊ आहे, दाते उंच आहेत. ओला दगड असो की झाडाची मुळं, धरून ठेवतो. मागचा थोडा टणक चालेल, पण कडा जाड हव्यात, म्हणजे दगडाने चिरत नाहीत."

काकांनी चार-पाच टायर वाकवून पाहिले, दाते अंगठ्याने मागेपुढे केले. छत्तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटलेला माणूस, तो काय कुणाच्या बोलण्यावर टायर घेणार? पण शेवटी तिने सांगितलेलेच दोन त्यांनी बाजूला ठेवले.

"ट्यूब नसते ना यात?"

"नाही. आत हे पांढरं औषध ओततात. काटा घुसला तर भोक आपोआप बुजतं."

"माहितेय. पोरीने दहादा सांगितलंय. तरी विचारलं."

तिने टायर चढवले, औषध ओतलं, हवा भरली आणि बेताची ठेवून बाकीची सोडून दिली. "झालं, काका."

काकांनी पुढचा टायर दाबून पाहिला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "झालं काय, डोंबल! पिकल्या पेरूसारखा दबतोय. सरक. हवेचं काम माझं." कोपऱ्यातला पायपंप त्यांनी ओढून घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या अंगात जरा जीव आल्यासारखा दिसला. "दर रविवारी पहाटे ती उठायच्या आत दोन्ही टायर दगडासारखे करून ठेवायचो. पंपाचा काटा पन्नास पौंडांवर टेकला की मगच चहा. डोंगर काही मला चढवत नव्हता. बापाकडून तेवढंच व्हायचं."

काटा तीसच्या पुढे गेला. चाळीस झाले. दुकानवाली बघत उभी होती. गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा तेच ते सांगून तिच्या जिभेला वळण पडलं होतं. ती बोलून गेली, "अहो काका, बास! बावीसच्या वर नको, घसरेल!"

तिने जीभ चावली. पण आता काय उपयोग?

पंप थांबला होता.

"बावीस?"

"ट्यूबलेस मऊच ठेवतात, काका. मऊ टायर दगडाला धरून राहतो."

"आणि पन्नास भरली तर?"

तिने पंपाची नळी टायरवरून काढून घेतली.

"मग इतकी वर्षं पडली कशी नाही ती?"

"गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून हवा सोडायची. तुम्ही दारात उभे असायचात ना, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोपऱ्यापर्यंत तशीच यायची."

"त्या दिवशी?"

"उशीर झाला होता. आम्ही सगळे तिला घाई करत होतो." तिने नळी पंपाला गुंडाळली. "सगळ्यात जास्त मीच."

काका स्टुलावर बसले. दोन्ही हात त्यांनी समोर धरले आणि दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे ते बघत राहिले. मग म्हणाले, "आणि कुत्रं?"

दारातल्या कुत्र्याने कान खाजवला. दुकानवालीने व्हॉल्व्ह दाबला आणि काटा बावीसवर येईपर्यंत बोट काढलं नाही.

"चार महिने, रोज संध्याकाळी, तिच्या उशाशी बसून मी त्या कुत्र्याला शिव्या घालतोय," काका म्हणाले. "तीही घालते. माझ्यापेक्षा जास्त घालते. हसतो आम्ही दोघं."

ते उठले. सायकल उचलून, कुत्र्याला धक्का लागू न देता, त्यांनी पायरीखाली उतरवली आणि मागे वळले.

"तिच्यापाशी यातला चकार शब्द काढू नकोस. संध्याकाळी कुत्र्याला शिव्या घालत बसायचंय आम्हाला."