पाचवी वायर

“डोळे मिटा, आई, आणि पाठ इकडे करा,” जावई म्हणाला. “आज होऊनच जाऊ दे सोक्षमोक्ष.”

सासूबाईंनी खुर्ची फिरवली आणि स्टिरिओकडे पाठ करून बसल्या. “चालेल. पण वायर लावून झाली की नुसता खांद्यावर हात ठेवा. बोलू नका, माझं लक्ष उडतं.”

हात ठेवायचं काम फोरमनकडे आलं. फोरमन म्हणजे त्यांचे यजमान. उभी हयात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांपाशी गेली, त्यामुळे त्यांचे कान पार बोथट झालेले. सासूबाईंनी मात्र चाळीस वर्षं व्हायोलिन शिकवलं होतं. शेजारच्या खोलीत कुणा पोराची तार केसभर उतरली, तरी त्या भाजी चिरता चिरता ओरडायच्या. सगळी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणे, म्हणून फोरमनही बाईच म्हणत. आवाज दबलाय असं बाई म्हणाल्या, म्हणजे तो दबलाय. ती काळ्या दगडावरची रेघ. मग फोरमन दुकानात जात आणि स्पीकरची आणखी महाग वायर घेऊन येत. बाई खूश होत. चार महिन्यांनी पुन्हा म्हणत, “काहीतरी कमी पडतंय हो.” आज आली ती पाचवी. तिच्या किमतीत घरात नवा फ्रिज आला असता.

फोरमनना स्वतःला पहिल्या आणि पाचव्या वायरीत तसूभरही फरक कळत नव्हता. ते हे कुणाला सांगत नसत. आपल्याच कानांचा दोष, दुसरं काय! घरात टीव्ही मोठ्याने लागायचा तोसुद्धा आपल्यासाठीच, असं ते धरून चालले होते.

जावई इलेक्ट्रिकल इंजिनियर. “तांबं ते तांबं, बाबा,” तो सकाळपासून म्हणत होता. “विजेला काय वायरीची किंमत वाचता येते? नव्याचे नऊ दिवस! दुकानदार तुम्हाला टोपी घालतोय.” फोरमनना ते चांगलंच झोंबलं. दुकानदाराने फसवलं असतं तर त्यांनी सोसलं असतं. पण बाईंचा कान चुकतो असं कुणी म्हणावं, हे काही त्यांना सहन होईना. म्हणून तर ही परीक्षा.

जावई स्टिरिओमागे उकिडवा बसून कधी जुनी वायर जोडी, कधी नवी. फोरमन रेकॉर्डवर सुई टेकवत आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवत.

“ही जुनी,” बाई म्हणाल्या. बरोबर निघालं. “ही नवी.” तेही बरोबर. तिसऱ्यांदा चुकल्या. फोरमननी तरी जावयाला दोन बोटं नाचवून दाखवली.

चौथ्या वेळी त्यांना दम धरवला नाही. जावयाने वायर काढली न काढली, तोच त्यांनी सुई टेकवली आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. स्पीकर गप्पच. जावई दोन्ही वायरी हातात धरून बसलेला. फोरमननी जीभ चावली. हात उचलणार, तेवढ्यात बाईंची मान डोलायला लागली. डाव्या हाताची बोटं मांडीवर तारा दाबल्यासारखी हलू लागली.

“ही नवी,” बाई म्हणाल्या. “बघा, वरचे स्वर कसे मोकळे झाले!”

जावयाने हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. खांद्यावरचा हात काढायचंही फोरमनना सुचेना. गुडघे दुखतात म्हणून बाईंनी शिकवण्या बंद केल्या होत्या. लेकीचा फोन आला की “तुम्हीच बोला” म्हणून त्यांच्याकडे द्यायच्या. दाराची बेल वाजली तरी जागच्या हलायच्या नाहीत, आणि फोरमनना वाटायचं, आपल्याला कामाला लावायची ही बाईंची जुनी खोड.

“अगदी बरोबर, आई,” जावई मोठ्याने म्हणाला. “हरलो मी.”

बाईंनी डोळे उघडले आणि वळून पाहिलं. आधी जावयाच्या हातांकडे, मग नवऱ्याच्या तोंडाकडे. कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

“अगं, कधीपासून?” फोरमननी विचारलं. बाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.

“झाली दोन वर्षं. समोर बसून कुणी मोठ्याने बोललं की कळतं थोडं. व्हायोलिन नाही ऐकू येत.”

“मग सांगायचं नाहीस? दर वेळी मला दुकानात कशाला पिटाळत होतीस?” फोरमनचा आवाज चढला आणि मध्येच फुटला.



“मला दर वेळी वाटायचं,” बाई म्हणाल्या, “या खेपेला तरी दोष वायरीतच निघू दे.”