मुठीला रबर

"नव्या करवतींच्या मुठीला रबर असतं, हाताला काही कळतच नाही. जुनी कशी, हातात जिवंत थरथरते!" पेट्रोलवरच्या जुन्या साखळी-करवती जमवणारे काका सगळ्यांना सांगायचे. चाळीस वर्षं दर रविवारी त्यांनी त्या एकूणएक चालवल्या. पुढे त्यांच्या शर्टाची बटणंही काकूच लावून द्यायच्या आणि म्हणायच्या, "बोटांचं लाकूड करून घेतलंत!"

मग काकूंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली.

"विचारा ना त्यांना," दवाखान्यातली सिस्टर म्हणाली. "हो असेल तर त्या हलकेच हात दाबतील."

काकांनी बायकोचा हात हातात घेतला. "घाबरली आहेस का गं?"

ते दोघांच्या बोटांकडे निरखून बघत राहिले.

"सिस्टर, हात तुम्ही धरता का? मी नुसतं विचारतो."